पासिंगपुरतं

मंगळवार, ४ मार्च

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. वहिनीला आणि पोरींना आठवण सांग.

इथे सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे तिच्या भाषेत ‘बोलतात, पण ओरडत नाहीत’. माझ्या दुकानात चष्म्याच्या नव्या फ्रेमा आल्यात, इतक्या मोठ्या की गिऱ्हाईक आरशात बघतं, घुबड दिसतंय म्हणून हसतं, आणि तीच घेऊन जातं.

तुझं पुडकं पोचलं. नेहमीसारख्या सुतळीच्या तीन गाठी, वर तुझं ते ठसठशीत अक्षर.

थोरलीचं पासिंग पुढच्या गुरुवारी, तेराला आहे. मागच्या घरात नवीन शेजारीण आलीय. तिने परवा आईला विचारलं, “तुम्हाला मुलं किती?” आई म्हणाली, “तीन. थोरली अंगणात उभी आहे, मधला परगावी असतो आणि ही धाकटी.” शेजारणीने अंगणात डोकावून बघितलं. तिथे मोटारसायकल. बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “खरंच आहे. ती दादाच्या आधी दोन वर्षं या घरात आली. तिचा मान पहिला.”

पासिंगच्या आधीचा आठवडा म्हणजे बाबांच्या जिभेला धार. रंगारीकाकांनी स्कूटरच्या पासिंगसाठी मेहुण्याचा टायर मागून आणलाय. पासिंग झालं की टायर परत. बाबांनी कुंपणावरून ऐकवलं, “सगळं पासिंगपुरतं! माणूसही तसाच, गाडीही तशीच!” रंगारीकाका म्हणाले, “अहो, गाडी चालते ना?” “चालते म्हणे! बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं!” आठवतं ना तुला, पाहुणे आले म्हणून आपण केस विंचरले तरी हाच शब्द कानावर यायचा?

गेल्या आठवड्यात बसच्या खिडकीतून दोघं थोरलीवर दिसले. बाजारच्या चौकात सिग्नल सुटला होता, बाबा पुढे, आई मागे, मांडीवर पिशवी. आणि आई बाबांच्या डाव्या खांद्यावर बोटाने टकटक करत होती, तबल्यावर ताल धरावा तशी. या वयात! मला हसू आलं. बाकी काही विशेष नाही.

बाबांचा फोन आला नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. कामात आहेत.

घाईत,
धाकटी

⁂

रविवार, ३० मार्च

ती. दादास,

नमस्कार. या वेळी आधी खाली बस, मग वाच.

तुझं पत्र मिळालं. चार पानं. वहिनीची बढती, पोरींच्या परीक्षा, गच्चीची गळती, आणि अगदी शेवटी, सहीच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘बाबांनी अजून बसला म्हटलं नाही. रागावलेत का माझ्यावर?’

एकवीस वर्षं तुमचं हे बोलणं मी ऐकत आलेय. बाबा यादी करतात, मी ती पत्रात घालते, आणि कारखाना कधीच बंद पडलेल्या त्या गाडीचे भाग तू कुठल्या कुठल्या भंगारवाल्यांकडून हुडकून पाठवतोस. बाबा भाग बसवतात, हात पुसतात, फोन लावतात, ‘बसला’ म्हणतात आणि ठेवतात. तू बाबांचं वर्कशॉप सोडून गेलास त्या दिवशी तुमच्यात जे बोलायचं राहिलं, ते सगळं तुम्ही दर वर्षी त्या एका शब्दात बसवता.

बाबा रागावलेले नाहीत. तुझं पुडकं त्यांना मिळालंच नव्हतं. पोचलं होतं माझ्याकडे, दुकानाच्या पत्त्यावर, नेहमीसारखं. मी ते दिलं नाही.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तू मध्येच ‘बरं, बरं, असू दे’ म्हणाला असतास, आणि मीही ‘असू दे’वर सुटले असते.

त्या बसच्या खिडकीबद्दल मी तुला अर्धंच लिहिलं. आई खांद्यावर टकटक करत होती हे खरं. पण त्याच वेळी डावीकडून एक सायकलवाला आला होता. त्याने ब्रेक दाबला, सायकल घसरली, भाजीची करंडी रस्त्यावर. माणसाला लागलं नाही. तो उठून ओरडत होता आणि बाबा सरळ पुढे निघून गेले होते. मान वर करून, छान मजेत. त्यांना काही झाल्याचं कळलंच नव्हतं.

घरी येऊन मी बाबांना काही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे ‘आता चालवू नका’ म्हणायचं. तू म्हणाला असतास? चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो माणूस सकाळी उठून आधी थोरलीला किक मारतो, मग तोंड धुतो. माझी जीभ रेटेना. मग मला वाटलं, गाडीच नापास झाली तर? म्हणजे कुणी म्हातारं होणार नाही, कुणाला वाईट वाटणार नाही. थोरली थकली, एवढंच.

तुझ्या पुडक्यात काय होतं ते मला ठाऊकच होतं, यादी मीच पाठवली होती. ब्रेकशूचा जोड. डावा आरसा, मोठा. बाबांचे जुने ब्रेकशू पार झिजलेत हे त्यांनीच मला दाखवलं होतं. नवे मिळाले नाहीत तर पासिंग होणार नाही. इतकं सोपं होतं, दादा. मी पुडकं दुकानातल्या खालच्या खणात ठेवलं, न नेलेल्या चष्म्यांच्या खणात. तिथे कुणी बघत नाही.

आता पुढचं लिहायला मला जड जातंय. बाबा रोज दुपारी फाटकाशी उभे राहायचे, न जाणो, घरच्या पत्त्यावर आलं तर. पोस्टमन गेला की आत यायचे. मला विचारायचे, “दुकानावर काही आलं?” मी नाही म्हणायचे. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. जेवताना आपण होऊन म्हणाले, “त्याला जमलं नसेल. दर वर्षी जमलंच पाहिजे असं थोडंच आहे!” आणि ताटातलं न संपवता उठले. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी त्यांचं ताट उचललं.

मग ते अंगणात बसले. तीन दिवस जुने ब्रेकशू मांडीवर घेऊन. कुठून तरी अस्तराचा तुकडा मिळवला, मापात कापला, रिबिटं ठोकली, कानशीने घासून घासून गोलाई आणली. ठोक ठोक आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा आणि मी कान झाकून घ्यायचे.

तरीही मला धीर नव्हता. मी आणखी एक केलं. पासिंगचे तपासनीस साहेब आपल्या दुकानाचे गिऱ्हाईक आहेत. गाड्यांखाली आडवं होऊन होऊन दर दोन महिन्यांनी चष्म्याची काडी मोडून आणतात. बुधवारी आले. मी काडी बसवता बसवता म्हटलं, “साहेब, उद्या एक जुनी मोटारसायकल येईल. एकोणपन्नास वर्षांची. ती नापास करता येईल का?”

ते बघतच राहिले. “लोक पास करा म्हणून सांगायला येतात. तुमची काय दुश्मनी?”

“माझ्या वडलांची आहे.”

त्यांनी चष्मा माझ्या हातातून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, “ताई, मी उद्या तुमच्याकडे येऊन म्हटलं की माझ्या बायकोला चुकीच्या नंबरचा चष्मा द्या, तर द्याल?”

मी मोडकी काडी कचऱ्यात टाकली.

“गाडीत दोष असेल तर सोडणार नाही. नसेल तर घालणार नाही,” म्हणाले आणि गेले. खाली मान घालून मी काउंटर पुसत बसले. काउंटर स्वच्छच होता.

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. बाबा आणि आई थोरलीवर, मी मागून बसने. तुला ती शेड आठवते का? पत्र्याचं छप्पर, मधोमध खड्डा, भिंतीवर तेलकट हातांचे ठसे. सगळं तसंच आहे. फक्त ब्रेक तपासायला आता जमिनीत रूळ बसवलेत. चाक त्यावर चढवायचं, रूळ फिरतात, ब्रेक दाबायचा आणि समोर काटा हलतो.

साहेबांनी मला ओळख दाखवली नाही. बरं वाटलं.

दिवा, हॉर्न, चेनची ढील, टायरची नक्षी, धूर, एकेक बघत गेले. एकोणपन्नास वर्षांच्या गाडीत शोधायला लागलं तर काय सापडणार नाही? काही सापडेना. चाक उतरवायला लावून, खाली वाकून त्यांनी ब्रेकशू बघितले आणि तसेच वाकून राहिले. “काका, हे कुणी केलं?”

“मी.”

“घरी?”

“मग काय देवळात?”

रुळांवर चाक चढलं. काटा सर्रकन वर गेला. लायनीतल्या दोघातिघांनी “वा!” केलं. रंगारीकाका आपली स्कूटर घेऊन मागेच उभे होते, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आई मला म्हणाली, “बघ माझी थोरली!” आणि दादा, तिला नापास करायला टपलेली मीच त्या क्षणी टाळ्या वाजवत होते. अभिमानाने.

शेवटची चाचणी चालवून दाखवायची. आई सवयीने मागे चढली होती, तिला उतरवलं, नियमाने मागे कुणी नको. ती कुरकुरत माझ्या डावीकडे बाकावर येऊन बसली. बाबा एकटे. पांढऱ्या रेघेशी साहेब डाव्या बाजूला लाल पाटी घेऊन उभे. पाटी वर केली की थांबायचं. बाबा निघाले. पाटी वर गेली.

माझ्या खांद्यावर टकटक झालं.

मी वळून बघितलं. आई माझ्याकडे बघतच नव्हती. डोळे समोर, श्वास रोखलेला, आणि तिचं बोट माझ्या डाव्या खांद्यावर वाजत होतं. एकदा, दोनदा, मग जोरजोरात. बाबा रेघ ओलांडून भिंतीपाशी रचलेल्या जुन्या टायरांपर्यंत गेले, तेव्हा कुठे थांबले.

“पुन्हा,” साहेब म्हणाले. पुन्हा तेच. पुन्हा माझा खांदा.

मग साहेबांनी एक गोष्ट केली. काही न बोलता ते उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा पाटी वर गेली आणि थोरली रेघेवर अशी थांबली की जणू तिथेच उगवली होती.

मी आईला विचारलं, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“आई.”

तिने बोट आवरलं, पदराखाली घेतलं. “दोन वर्षं झाली असतील. डावीकडून काही आलं की एक टिचकी. मोठं असलं तर दोन. बरं चाललंय की आमचं! त्यांचे हात, माझे डोळे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे?”

मी दिवसभर लोकांचे डोळे बघते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तबला समजून हसले मी त्या दिवशी.

साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि बाबांच्या हातात दिला. पास. वाकून हळूच म्हणाले, “काका, ब्रेक उत्तम आहे. उशीर ब्रेकचा नव्हता.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. किल्ली मात्र खिशात घातली नाही. माझ्यापुढे धरली. “ढकलत नेऊ. घर काही लांब नाही.”

घरापर्यंत बारा वळणं आहेत, दादा. आम्ही तिघं थोरलीला मधे घेऊन चाललो. बाबा हॅन्डल धरून, मी मागून, आई पिशवी घेऊन पुढे, वाटेतल्या प्रत्येकाला सांगत, “पास झाली हं! बिघडली नाही. पास झाली!”

दुपारी मी त्यांना दुकानात नेलं. आधी कितीदा म्हटलं होतं, डोळे तपासू या. दर वेळी खुर्चीत बसून शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचून दाखवायचे. “बघ, गरुडाचे डोळे!” या वेळी मी भिंतीवरचा तक्ता आधीच बदलून ठेवला होता. उजवा डोळा झाकला. बाबांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. जुना तक्ता! पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एक चूक नाही. माझी वाट बघत बाकावर बसता बसता पाठ केलेला.

मी पेन्सिल खाली ठेवली. बाबांना तेवढ्या आवाजावरून काहीतरी कळलं. “काय झालं?”

दाराशी बसलेली आई म्हणाली, “अहो, तक्ता बदललाय तिने. पासिंगपुरते कुठले!”

आधी कुणीच हसलं नाही. मग बाबांच्या पोटातून सुरू झालं. खुर्ची हलली, मी भिंतीला टेकले, आईने डोळ्याला पदर लावला. इतके हसलो आम्ही, की बाहेरून जाणाऱ्या एका माणसाला वाटलं दुकानात काही फुकट वाटताहेत, आणि तो आत आला.

दुकानातून थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, काचबिंदू. डाव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंबांनी टिकेल. उजवा चांगला आहे. रोज दोन वेळा थेंब. आईने लगेच जबाबदारी घेतलीय, डोळ्यांचं खातं तिचंच ना.

त्याच संध्याकाळी मी खणातून पुडकं काढलं आणि बाबांपुढे ठेवलं. सगळं सांगितलं, तुला सांगतेय तसंच. सायकलवाला, खण, फाटक, साहेब. बाबांनी पहिल्यांदा सुतळी सोडवली. तिन्ही गाठी, एकही न कापता. ब्रेकशू बाजूला ठेवले. आरसा हातात घेतला, फुंकर मारली, शर्टाने पुसला, बराच वेळ.

“मोठा लिहिला होता मी,” म्हणाले. “नेमका मोठाच पाठवलाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डावा, मोठा. त्यांना ठाऊक होतं. तुलाच त्यांनी सांगितलं होतं, दादा, मला नाही. फक्त सांगताना ‘आरसा’ असं लिहिलं होतं.

मी म्हटलं, “रागवा तरी.”

“रागवायचं काय? तू गाडीला नापास करत होतीस, मी तक्ता पाठ करत होतो. एकाच घरातले आपण.” मग आरसा खाली ठेवत, “पण त्याला वाटत असेल मी बोललो नाही. ते वाईट झालं.”

मी फोन आणून दिला. त्यांनी घेतला नाही. “आधी तू लिही. खोटं तू बोललीस, ते निस्तरायचं तूच. आणि भाग अजून बसला कुठे? बसल्याशिवाय मी बसला म्हणत नाही.”

आरसा दुसऱ्या दिवशी चढवता आला असता. पण बाबांनी ठरवलं, ज्याच्या नजरेला लावायचा त्याला आधी गाडी चालवता यायला हवी. तर ऐक. गेले दोन आठवडे रोज सकाळी बंद गिरणीच्या मैदानात मी थोरली चालवायला शिकतेय. त्रेचाळिसाव्या वर्षी! शिकाऊ परवाना काढलाय. पहिल्या दिवशी क्लच इतका झटक्यात सोडला की थोरलीने मला गवतात बसवलं. बाबा म्हणाले, “तिलाही धाकट्यांचा राग येतो.” ते मागे बसतात आणि आई काठावर उभी राहून भांडते. “ती माझी जागा आहे! शिकवणं झालं की उतरायचं!” परवा तिला बसवून मैदानाला एक फेरी मारली. डावीकडून एक कुत्रा आला. मला दिसला होता. तरी खांद्यावर टिचकी आलीच.

मी म्हटलं, “आई, मला दिसतं गं.”

“दिसू दे. माझ्या बोटाला काय करू?”

मी पुढे काही बोलले नाही. खरं सांगू? हवीशी वाटली ती टिचकी. दुकान, घर, बस, असं माझं बरं चाललं होतं. पण पाठीमागून कुणीतरी आपल्यासाठी रस्ता बघतंय, हे सुख मला ठाऊक नव्हतं. ते दोघं इतकी वर्षं काय जपत होते ते आत्ता कळलं, आणि मी काय मोडायला निघाले होते तेही.

तुझी माफी मागते. बाबांनी त्या जेवणात तुझ्याबद्दल ‘जमलं नसेल’ म्हटलं ते माझ्यामुळे. तुझ्या पत्राच्या कोपऱ्यात ते बारीक वाक्य आलं तेही माझ्यामुळे. दोन्ही वाक्यं मी विसरणार नाही.

पत्र पोचायला पाच दिवस धरते. बाबांनी कॅलेंडरवर शनिवारची खूण केलीय. त्या दिवशी माझी नजर बघून आरसा लावायचा, घट्ट करायचा, हात पुसायचे, मग फोन. संध्याकाळी तुझ्याकडे वाजेल. एकच शब्द असेल. या वेळी त्यांनी ठेवायच्या आधी तू काहीतरी बोल. ‘कुठे बसला?’ विचारलंस तरी पुरे. उत्तर लांबलचक मिळेल, त्यांना सांगायचं फार आहे.

सोबत पुढची यादी, बाबांच्याच हातची. क्लचचा लिव्हर, लहान हाताला पोचेल असा. मागे पाय ठेवायच्या पायऱ्यांचा जोड, आईसाठी, रबरी. आणि शेवटच्या ओळीत त्यांनी काहीतरी लिहून खोडलं होतं. आज सकाळी तेच पुन्हा, जरा मोठ्या अक्षरात लिहिलंय.

‘पोस्टाने नको. घेऊन ये.’

डावीकडे नीट बघून चालवणारी,
तुझी धाकटी